एमएस-सीआयटी करून राहिले, पण जायचं सायन्सला आहे. कॉम्प्युटरमधलं काय शिकू? (नागपूर)

नाग_किनारी

नमस्कार. दहावीची परीक्षा झाली, निकाल बाकी आहे. सेमी-इंग्रजीतून शिकले, मानेवाड्याला राहते. सुट्टी वाया जायला नको म्हणून बाबांनी एमएस-सीआयटीला नाव टाकलं. वर्ड झालं, सध्या एक्सेल चालू आहे. क्लासमध्ये रंगीबेरंगी मार्कलिस्ट करायला लावतात, ती येते मला.

मला आवडतं ते वेगळंच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा मावशीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं आणि तिच्या मागच्याच गल्लीत काही नाही. असं काहून झालं, हे कोणी नीट सांगितलंच नाही. तेव्हापासून पाणी, माती, हवा यातलंच काहीतरी शिकायचं डोक्यात आहे. डॉक्टर व्हायचं नाही हे माझं पक्कं आहे. घरच्यांचं अजून व्हायचं आहे.

आता गोंधळ असा. कॉलेजवाले म्हणतात, अकरावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलं तर बायो सुटेल. दादा म्हणतो कॉम्प्युटरच घे, पुढे सगळं तेच आहे. क्लासमधली मैत्रीण म्हणते, सायन्सवाल्यांना कॉम्प्युटर लागतोच कुठे, त्यांचं काम लॅबमध्ये. घरी लॅपटॉप नाही. आईचा फोन आणि क्लासमधला रोजचा तास, एवढंच हातात आहे. काय करू?

तर्रीपोहे

आधी एमएस-सीआयटी पूर्ण कर आणि सर्टिफिकेट फाईलला लाव. २००१ पासून हा कोर्स चालू आहे आणि सरकारी जाहिरातीतली "एमएस-सीआयटी किंवा समकक्ष" ही ओळ काही हटत नाही. सोबत मराठी ३०, इंग्रजी ४० टायपिंग करून टाक. पर्यावरण वगैरे ऐकायला छान वाटतं, पण नागपुरात त्याच्या नोकऱ्या आहेत कुठे बाप्पा? मिहानमध्ये जाऊन बघ, सगळं आयटी.

वर्धारोडकर

तर्रीपोहे भाऊ, नोकऱ्या कमी आहेत हे मान्य. पण "कुठे" विचारलंत म्हणून सांगतो. नीरी, म्हणजे पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था, इथली. १९५८ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली, १९७४ पासून नीरी. केंद्रीय कापूस संशोधन संस्था इथली. अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था, त्याच रोडला मृदा सर्वेक्षण ब्युरोचं देशाचं मुख्यालय, तिथेच इस्रोचं रिमोट सेन्सिंग केंद्र. सेमिनरी हिल्सला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्र, सिव्हिल लाइन्सला भारतीय खाण ब्युरो, सोनेगावला प्रादेशिक हवामान केंद्र. माती, पाणी, हवा यांच्यासाठी इतकी ऑफिसं एका गावात, आणि आपण पाहुण्यांना दाखवतो झीरो माईल.

नाग_किनारी, तुझ्या मैत्रिणीला सांग, मी अशाच एका प्रयोगशाळेत प्रकल्पावर काम करतो आणि आठवड्यातला मोठा भाग पडद्यासमोर जातो. हवेतली बारीक धूळ मोजायची तर फिल्टरचा कागद आधी तोलायचा, यंत्रातून ठरावीक वेळ हवा ओढायची, कागद परत तोलायचा. वाढलेलं वजन भागिले ओढलेली हवा. हे झालं लॅबचं काम. पुढे असे शेकडो कागद जमतात आणि खरी कटकट तिथून सुरू होते. एकाने वजन मिलिग्रॅममध्ये लिहिलंय, दुसऱ्याने मायक्रोग्रॅममध्ये. कोणी ०३/०५ लिहून ठेवलंय, आता ती ३ मे की ५ मार्च? एकाने वाईट नमुने लाल रंगात रंगवले आणि लाल म्हणजे काय ते कुठेच लिहिलं नाही. हे निस्तरल्याशिवाय एकही आलेख काढता येत नाही.

म्हणून एक्सेल सोडू नकोस, पण मार्कलिस्टवर थांबू नकोस. एका ओळीत एकच नोंद. दोन रकाने जोडून एक करायचे नाहीत. एकक रकान्याच्या मथळ्यात लिहायचं. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस. सॉर्ट, फिल्टर, "इफ"चं सूत्र आणि बिंदूंचा आलेख एवढं हाताखालून गेलं की क्लासमधल्या बहुतेकांच्या पुढे असशील.

शून्य_एक

मूळचा नागपूरचा, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. माझं मत: एक्सेलमध्ये वेळ घालवूच नये. थेट पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. ती चालवायला गुगल कोलॅब आहे, ब्राउझरमध्ये चालतं, आईच्या फोनवरसुद्धा उघडतं. आणि आता तर एआयला मराठीत सांगितलं तरी कोड लिहून देतं. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल बघा, अर्धं प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या प्रोग्रामला मिळालं. दादाचं बरोबर आहे, पुढे सगळं तेच आहे.

वर्धारोडकर

शून्य_एक, नोबेल प्रोग्रामला मिळत नाही, माणसांना मिळतं. त्यातला जॉन जम्पर डॉक्टरेटला सैद्धांतिक रसायनशास्त्रातला. उरलेलं अर्धं नवी प्रथिनं रचणाऱ्या बेकरला, तो प्रथिनांतच मुरलेला. हासाबिस कॉम्प्युटरचा खरा, पण त्याचीही डॉक्टरेट मेंदूच्या अभ्यासातली. शिवाय तो प्रोग्राम शिकला कशावर? १९७१ पासून जमवलेल्या प्रथिनांच्या सार्वजनिक साठ्यावर. त्यातली एकेक रचना कोणीतरी प्रयोगशाळेत काढली होती, बहुतेक स्फटिक वाढवून, क्ष-किरण टाकून. ती वही नसती तर प्रोग्राम काय वाचणार होता?

पायथनला माझा विरोध नाही, मी स्वतः रोज वापरतो. पण ज्या मुलीने अजून स्वतःचे आकडे एकदाही मांडले नाहीत तिला पहिल्या दिवशी पायथन दिलं की ती फक्त उदाहरणं उतरवते.

गणित_मास्तर

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, अकरावीचं बोलतो. इथे दोन वेगळे विषय एकमेकांत मिसळले जातात, दर वर्षी.

एक म्हणजे बायफोकल कॉम्प्युटर सायन्स. २०० गुणांचा. तो दुसरी भाषा आणि आणखी एक विषय अशा दोघांची जागा खातो, आणि तो दुसरा विषय बहुतेक वेळा बायोच असतो. त्यात सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, ८०८५ मायक्रोप्रोसेसर वगैरे. विषय चांगला, गुण भरपूर मिळतात, म्हणून इंजिनिअरिंगवाले घेतात. दुसरा विषय आयटी, १०० गुणांचा. तो फक्त दुसऱ्या भाषेची जागा घेतो. त्यात वेब पान बनवणं, जावास्क्रिप्ट, थोडं पीएचपी. परीक्षा कॉम्प्युटरवरच. म्हणजे आयटी घेऊन फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो चारही ठेवता येतात. सगळ्या कॉलेजांत आयटी नसतं, आणि अभ्यासक्रमात बदल होत राहतात, तेव्हा प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन विषयांचे गट लेखी बघ. तोंडी सांगितलेल्यावर जाऊ नकोस.

बायो सोडू नकोस असं मी ठामपणे सांगेन. डॉक्टर व्हायचं म्हणून नव्हे. पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान संशोधनाच्या संस्थेत शिकायला जायचं तर त्यांच्या प्रवेशपरीक्षेत चारही विषयांचे प्रश्न सारख्याच संख्येने असतात. आणि पाण्याचा अभ्यास म्हणजे अर्धी जीवसृष्टीच आहे. राज्याच्या सीईटीला मॅथ्सचा आणि बायोचा असे दोन्ही गट देता येतात, तेही दार उघडं राहतं. मॅथ्स मात्र कोणी कितीही सांगितलं तरी सोडायचं नाही. बायो ठेवून मॅथ्स सोडणाऱ्या मुली दर वर्षी बघतो. पुढे सांख्यिकी समोर आली की त्यांची दमछाक होते.

प्रोग्रामिंग बाहेरून शिकता येतं. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठी आवाजात आहेत, फुकट. बायोचं प्रॅक्टिकल यूट्यूबवर होत नाही.

आजी_ऑनलाइन

मास्तरांचं पटलं. माझ्या नातीने बायफोकल घेतलं, आता तिला बायोटेक करावंसं वाटतं आणि दार बंद. पोरी, लॅपटॉपसाठी घरी हट्ट करू नको हो एवढ्यात.

काटोलकर

वाचून राहिलो सकाळपासून, आता लिहितो. आमची काटोलकडे संत्रा आणि कपाशी. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावतो. सकाळी जायचं, सापळ्यात अडकलेले पतंग मोजायचे, वहीत लिहायचे. शास्त्रज्ञांनी सांगितलेला हिशेब असा: सलग तीन रात्री दर सापळ्याला आठ किंवा जास्त पतंग आले की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, मग उपाय करायचा. त्याआधी फवारणी म्हणजे पैसा मातीत.

गडबड अशी होते की माणूस कालचा आकडा बघतो. बारा दिसले की पंप उचलतो. परवाचे तीन आणि आजचे पाच कोण बघतं? मला तीन दिवसांची अट आपोआप सांगणारा तक्ता पाहिजे होता. गावातल्या एकाला विचारलं तर म्हणे ॲप बनवावं लागेल, पंचवीस हजार. आता हे "इफ"चं सूत्र वाचून वाटतं, एक्सेलमध्येच होईल का?

वर्धारोडकर

होईल, फुकटात. तारीख एका रकान्यात, सापळ्याचा क्रमांक दुसऱ्यात, पतंग तिसऱ्यात. "इफ"च्या आत "अँड" घालायचं: आजचा आकडा आठ किंवा जास्त, कालचा तसाच, परवाचा तसाच. तिन्ही खरं असेल तर "पातळी ओलांडली" असं दाखव, नाहीतर रिकामं. नाग_किनारी, हे तू कर. क्लासच्या तासात बसून होणारं काम आहे आणि याला खरा मालक आहे, तो चूक पकडेल.

तर्रीपोहे

म्हणजे पोरीने शेतकऱ्याची वही टाईप करायची आणि याला सायन्स म्हणायचं? पगार किती ते कोणी बोलत नाही. मी विचारतो, पगार किती?

वर्धारोडकर

रास्त प्रश्न. एमएस्सी करून सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं. पण तिथवर पोचायला बारावीनंतर पाच वर्षं जातात आणि नेट काही सोपी नाही. मधल्या काळात प्रकल्पांवरच्या नेमणुका असतात, त्या मुदतीच्या. प्रकल्प संपला की तू मोकळी. आयटीतला मुलगा तोवर गाडी घेऊन मोकळा झालेला असतो. हे ठाऊक असूनच या वाटेला जावं.

एवढं मात्र खरं की डेटा हाताळता येणाऱ्या उमेदवाराला प्रकल्पवाले आधी उचलतात. आणि तेवढ्याच कौशल्यावर खाजगी नोकरीही मिळते. फक्त लॅब किंवा फक्त कॉम्प्युटर असणाऱ्याला इतकी मोकळीक नसते.

दगडूभाऊ

भूशास्त्रवाला, निवृत्त. पगाराचं विचारलंत म्हणून आमची वाट सांगतो. भूशास्त्रात एमएस्सी, मग यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा. भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ दोन्हींसाठी तीच. आपल्या विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे, घर सोडावं लागत नाही. मुली येत नाहीत म्हणायचे आमच्या वेळी. आता भरपूर येतात आणि डोंगर चढतात.

बाळ, तुझ्या मावशीच्या गल्लीचं बोलू. नाग नदी अंबाझरीकडून शहरात शिरते आणि पूर्वेकडे जाऊन कन्हानला मिळते. म्हणजे शहराचा उतार मोटामोटी पश्चिमेकडून पूर्वेकडे. तलाव भरून वाहिला की पाणी जुन्या पात्राची वाट धरणार. आपण त्या वाटेवर लेआउट पाडले, नाला भिंतीत बसवला, वर स्लॅब टाकला. पाण्याला जमिनीचा उतार तेवढा कळतो, लेआउटचा नकाशा नाही. दोन गल्ल्यांत एखाद्या मीटरचा फरक असला तरी एक बुडते, दुसरी कोरडी.

हे स्वतः बघायचं तर गुगल अर्थ उघड. बोट फिरवशील तशी उंची दिसते. अंबाझरीपासून गांधीसागरपर्यंत नदीकाठाने जात ठिकठिकाणची उंची लिहून घे आणि एक्सेलमध्ये अंतर विरुद्ध उंची असा आलेख काढ. उतार डोळ्यांनी दिसेल. इस्रोचं भुवन पोर्टलही ब्राउझरमध्ये चालतं, तिथे उपग्रहाची चित्रं आहेत. पुढे लॅपटॉप आला की क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर. तेही फुकट.

एक मर्यादा लक्षात ठेव. फुकट मिळणारा उंचीचा सगळ्यात प्रसिद्ध डेटा फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने घेतलेला आहे. त्याचा एक चौकोन साधारण ३० मीटरचा. म्हणजे दोन-तीन घरं एकाच आकड्यात जातात, आणि दाट वस्तीत रडारला जमिनीऐवजी छपरं दिसतात. शहराचा उतार त्यात मिळेल. मावशीची गल्ली मिळणार नाही. तिच्यासाठी पाण्याची नळी घेऊन गल्लीत उतरावं लागेल. गवंडी लेव्हल काढतात तीच.

शून्य_एक

दगडूभाऊ, पायथनमध्ये हे दहा ओळींचं काम आहे. नदीकाठच्या बिंदूंची यादी दिली की उंची आपोआप काढता येते.

दगडूभाऊ

येत असेल. पण आकडा छपराचा आहे की जमिनीचा, हे त्या दहा ओळींत कुठे लिहिलेलं असतं?

सोनेगाव_वारा

यावरून आठवलं. ३० मे २०२४ चे नागपूरचे आकडे आठवतात का कोणाला? रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. देशभर बातमी. नागपूरच्या अशा चार केंद्रांपैकी एकावर ५६, दुसऱ्यावर ५४ आणि उरलेल्या दोनांवर ४४ च्या आसपास. नंतर हवामान खात्याने सांगितलं की त्या दोन ठिकाणचे सेन्सर बिघडले होते. तोवर फोनवरून ५६ चे स्क्रीनशॉट जगभर जाऊन आले होते.

नाग_किनारी, तुला गृहपाठ. ५६, ५४, ४४, ४४ हे आकडे एक्सेलमध्ये टाक आणि त्या दिवशीचं नागपूरचं तापमान काय म्हणायचं ते सांग. एआयला विचारायचं नाही.

नाग_किनारी

एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद.

गृहपाठ केला. सरासरी ४९.५ आली, पण ती चूक असणार, कारण दोन आकडेच खोटे आहेत. मग आठवलं की एखादाच आकडा वेडावाकडा असला तर मध्यक घ्यावा. मध्यक काढला तर ४९! तोही गेला. चारातले दोन बिघडलेत म्हटल्यावर मध्यक तरी काय करणार. मग मी ५६ आणि ५४ काढून टाकले तर ४४ आलं. पण मग प्रश्न पडला की मी ते काढले कारण तुम्ही सांगितलं की सेन्सर बिघडलेत. सांगितलं नसतं तर? कदाचित ४४ वाले बिघडलेले असते?

क्लासच्या सरांना दाखवलं. ते म्हणाले सूत्र बरोबर आहे, पुढे चल.

सोनेगाव_वारा

सूत्र बरोबरच आहे. प्रश्न त्याहून चांगला आहे.

सांगितलं नसतं तर काय करायचं? एक, त्याच केंद्राचे आधीच्या तासांचे आकडे बघायचे. हवा एका तासात दहा अंशांनी उसळत नाही, तार ढिली झाली तर आकडा उसळतो. दोन, शेजार बघायचा. त्या दिवशी वर्धा, चंद्रपूर काय म्हणत होते? उन्हाची लाट एका शेतापुरती येत नाही. तीन, इतिहास. नागपूरचा नोंदलेला उच्चांक ४७.९, २३ मे २०१३ चा. त्याच्यावर एकदम आठ अंश म्हणजे आधी यंत्राकडे जायचं, मग पेपरकडे. चार, तापमान मोजतात कसं हे माहीत पाहिजे. पारंपरिक पद्धतीत तापमापी पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, सावलीत आणि वाऱ्यावर ठेवतात. ऊन थेट पडलं किंवा वारा अडला की तो हवेचं नव्हे, स्वतःच्या अंगाचं तापमान सांगायला लागतो.

यातलं पहिलं आणि दुसरं काम कॉम्प्युटर हजारो केंद्रांसाठी एका मिनिटात करतो. पण काय तपासायचं हे त्याला सांगणारा भौतिकशास्त्र शिकलेला लागतो.

शून्य_एक

ठीक आहे, हे मान्य. तरी माझा आग्रह आहेच: अकरावीच्या दिवाळीपर्यंत एक्सेल, मग पायथन. हजारो केंद्रांचं काम एक्सेलमध्ये करायला गेली तर फाईल लटकेल. जुना ऑफिसचा लॅपटॉप पुरतो, फक्त ८ जीबी रॅम आणि एसएसडी बघून घ्या. नवीन चकचकीत नको.

आजी_ऑनलाइन

मराठीत लिहायचं कसं तेही शिकव रे कोणी तिला. आमच्या ऑफिसात जुन्या फाँटमधल्या फायली दुसऱ्या मशीनवर उघडल्या की नुसती चिन्हं दिसायची.

गणित_मास्तर

आजी बरोबर. टायपिंग करणारच असशील तर युनिकोड (कुठल्याही मशीनवर अक्षर तसंच दिसतं) आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डवर कर. गावांची नावं मराठीत असलेल्या याद्या पुढे फार येतील, जुन्या फाँटमधल्या असल्या तर शोधता येत नाहीत, क्रमाने लावता येत नाहीत. इथे तर्रीपोहे आणि मी एका बाजूला, हे पहिल्यांदाच घडतंय.

आणि नीरी ज्या सीएसआयआरची प्रयोगशाळा आहे तिचा स्थापना दिवस २६ सप्टेंबर. त्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळा विद्यार्थ्यांसाठी उघडतात, नीरीचं लक्ष ठेव. "जिज्ञासा" नावाचा त्यांचा शाळा-कॉलेजांसाठीचा कार्यक्रमही आहे, तुमच्या सरांना अर्ज करायला सांग. गांधीसागरसमोरचं रमण विज्ञान केंद्र शाळेच्या सहलीत पाहिलं असशीलच. आता एकटी जा, सावकाश.

नाग_किनारी

मग सध्या असं ठरवते. बायो आणि मॅथ्स दोन्ही ठेवणार. आयटी असलेलं कॉलेज शोधतेय, नाही मिळालं तर दुसरी भाषा. एमएस-सीआयटी पूर्ण करणार (तर्रीपोहे काका, टायपिंगचं दिवाळीत बघते). दादाला हा धागा वाचायला दिला, तो फक्त शून्य_एक यांचे प्रतिसाद वाचून म्हणाला "बघ, मी म्हणत होतो."

काटोलकर काका, तुमचा तक्ता केला. खोटे आकडे टाकून बघितलं, तीन दिवस आठ किंवा जास्त आले की लाल ओळ येते. आता खरे आकडे पाहिजेत. मागच्या हंगामाची वही आहे का?

काटोलकर

आहे ना. जुलै ते डिसेंबर. फोटो काढून टाकतो इथेच. अक्षर माझं नाही, पोराचं आहे, सात आणि एक सारखेच दिसतात, अडलं तर विचार. मध्ये काही दिवस जागा कोरी आहे. पाऊस लागून राहिला की वावरात पाय ठेवता येत नाही. तिथे शून्य टाकू नको, पतंग नव्हते असं नाही, मोजायला कोणी गेलंच नव्हतं.

नाग_किनारी

मग तो रकाना रिकामा सोडू? पण रिकामा सोडला तर सूत्र त्या दिवसाला आठपेक्षा कमी धरतं आणि तीन दिवसांची साखळी तुटते.

वर्धारोडकर

रिकामाच सोड आणि शेजारी "मोजले नाही" असा वेगळा रकाना कर. साखळी तुटली तर "पातळी ओलांडली नाही" असं दाखवायचं नाही, "सांगता येत नाही" असं दाखवायचं. सूत्रात आणखी एक "इफ" वाढेल. करून बघ, अडलीस तर इथेच टाक.

तर्रीपोहे

दिवाळीत नाही, आत्ता सुट्टीतच टायपिंगला नाव टाक. दिवाळीनंतर कोणी करत नसते.